रोल आंबट आणि कडक : दुखणं एकच

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्याच एका ताईंचा सावरडो स्टार्टर (बाजारच्या यीस्टऐवजी पाव फुगवायला पीठ-पाणी आंबवून घरीच केलेलं मिश्रण) तीन महिन्यांचा झालाय, बरणीत चांगला फुगतोय. पण त्याचे डिनर रोल आंबट होतात, वरून कडक येतात आणि दुसऱ्या दिवशी तर सासूबाई म्हणतात, "हा फेकून मारला तर कुत्रं पळेल." बाजारचं यीस्ट अजिबात न घालता लादीपावासारखे मऊ रोल घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) होतात का, की सावरडो म्हणजे जाड सालीचा पाव हेच खरं, असं त्या विचारतायत.

ताई, होतात. मी दांडिया बाजारातल्या घरून बारा वर्षं पाव विकते आहे, आणि माझ्याकडचे निम्मे रोल लोक सेव-उसळीबरोबर खायला नेतात. सेव-उसळीला कडक पाव दिला तर बडोदेकर दुसऱ्यांदा दारात उभा राहत नाही. तेव्हा मऊपणाबद्दल माझी परीक्षा दर आठवड्याला होत असते.

तुमचे रोल आंबट आहेत आणि कडकही आहेत, म्हणून तुम्ही दोन वेगवेगळे उपाय शोधताय. आंबटासाठी साखर वाढवलीत, कडकपणासाठी बटर वाढवलंत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुखणं एकच आहे. तुमची कणीक गरजेपेक्षा जास्त आंबतेय. आम्ल वाढलं की पिठातली प्रथिनं तोडणारी द्रव्यं जोरात कामाला लागतात, ग्लुटेनची, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांची, जाळी विरते, हवा धरून ठेवायला काही उरत नाही. असा गोळा भट्टीत फुगत नाही. फुगला नाही म्हणून तुम्ही तो रंग येईपर्यंत आणखी दहा मिनिटं भाजता, आणि उरलासुरला ओलावाही जातो. वरून साखर-बटर कितीही ओता, विरलेली जाळी परत येत नाही.

आता हे बडोद्यातच जास्त का होतं ते सांगते. स्टार्टरमध्ये दोन बिऱ्हाडं राहतात. एक यीस्टचं, ते पीठ फुगवतं. दुसरं दह्यातल्यासारख्या जीवाणूंचं, ते आंबटपणा आणतं. सावरडोतल्या यीस्टला साधारण २६-२७ अंश मानवतात. ३५ च्या पुढे त्यातली काही यीस्ट वाढायचंच थांबवतात. जीवाणूंना मात्र ३२-३३ अंशांत खरा उत्साह येतो. म्हणजे मे महिन्यात आपल्या ओट्यावर फुगवणारे दमून बसतात आणि आंबवणारे रात्रपाळी करतात. थंड देशातल्या कृतीत "रात्रभर ओट्यावर ठेवा" लिहिलेलं असतं, ते तिथल्या १८-२० अंशांच्या स्वयंपाकघरासाठी. मी पहिल्या वर्षी तेच इमानेइतबारे केलं होतं. सकाळी उठले तर परातीवरचं फडकं ओलं, कणीक परातीच्या काठावरून ओघळून ओट्यावर आलेली, आणि वास नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. बोट घातलं तर तारा सुटण्याऐवजी पिठल्यासारखं गळत होतं. त्या दिवशी घरी सगळ्यांनी धिरडी खाल्ली.

म्हणून पहिली दुरुस्ती स्टार्टरची. बरणीत फुगतो एवढ्यावर जाऊ नका. फुगून, माथा सपाट होऊन, खाली बसायला लागलेला स्टार्टर म्हणजे उपाशी स्टार्टर. असा स्टार्टर जाड सालीच्या गावठी पावासाठी चालेल, रोलसाठी नाही. ज्या दिवशी रोल करायचे त्याच्या आदल्या दिवशी त्याला दोनदा खायला घाला, आणि दोन्ही वेळा तो पूर्ण वर आलेला असताना, पडायच्या आत. उन्हाळ्यात एक भाग स्टार्टरला पाच भाग मैदा, पाच भाग पाणी. थंडीत एकास दोन-दोन पुरे. पाण्याचं फार मनावर घेऊ नका, पिण्याचं असलं की झालं.

दुसरी गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानते : रोलसाठी पातळ स्टार्टर थेट कणकेत घालू नका, त्याचं एक घट्ट, गोड विरजण वेगळं लावा. ४० ग्रॅम ताजा स्टार्टर, ८० ग्रॅम मैदा, ३५ ग्रॅम पाणी आणि १५ ग्रॅम साखर. मळल्यावर पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट गोळा होतो. साखर इथे गोडीसाठी नाही. एवढ्या साखरेत आणि एवढ्या कमी पाण्यात आंबट करणारे जीवाणू मंदावतात, यीस्ट मात्र बऱ्यापैकी तग धरतं. इटलीत सणाचे गोड पाव करणारे अशाच घट्ट विरजणावर काम करतात. उन्हाळ्यात ४० च्या जागी २० ग्रॅम स्टार्टर घ्या, मैदा ९० आणि पाणी ४५ करा. मग पाच-सहा तास मिळतात. जानेवारीत हेच विरजण रात्री दहाला लावलं तर सकाळी आठ-नऊला तयार असतं.

तयार झालं हे कसं ओळखायचं? दुपटीच्या पुढे गेलेलं असतं, माथा अजून घुमटासारखा असतो, आणि फोडून पाहिलं तर आत ढोकळ्यासारखी जाळी दिसते. चिमूटभर तोंडात टाका. आधी गोड लागलं पाहिजे, मागून सकाळच्या ताज्या ताकाएवढी आंबट चव. जिभेला चरचरलं तर ते विरजण थालीपिठात घाला आणि दुसरं लावा. इथे कंजुषी केलीत तर पुढचा मैदा, दूध, बटर सगळंच वाया जातं.

मऊपणाचा दुसरा आधार म्हणजे उकड. हो, आपली मोदकाची उकड काढतो तेच तत्त्व. जपानी आणि चिनी पाववाल्यांनी याला वेगळी नावं दिलीत आणि इंटरनेटवर त्याचं फार कौतुक चालतं, पण ज्या बाईने तांदळाची उकड काढली आहे तिला यात नवीन काही नाही. पिठातला स्टार्च साधारण ६५ अंशांना पाणी पिऊन फुगतो आणि ते पाणी भाजल्यावरही बरंचसं धरून ठेवतो. २५ ग्रॅम मैदा १२५ ग्रॅम दुधात गुठळ्या मोडून घोळवा, मंद आचेवर ढवळत राहा. पतंगाला लावायच्या खळीइतकं दाट झालं आणि ढवळताना भांड्याच्या तळावर रेघ उमटून राहिली की उतरवा. वर साय धरू नये म्हणून ताटली झाका आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम उकड कणकेत घालून विरजण मारून टाकणाऱ्या दोघीजणी माझ्या वर्गात होऊन गेल्यात. दोघी आता उत्तम पाव करतात.

आता कणीक. गार उकड, वरचं सगळं विरजण तुकडे करून, ३२५ ग्रॅम मैदा, १४० ग्रॅम दूध, २५ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, असली तर १५ ग्रॅम दुधाची पावडर, आणि सगळ्यात शेवटी ४५ ग्रॅम मऊ बटर. दुधातलं वीसेक ग्रॅम हाताशी ठेवा. पावसाळ्यात मैदा आधीच ओल पिऊन बसलेला असतो, तेव्हा ते लागतच नाही. दूध तापवून गार केलेलंच घ्या. न तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं कणीक सैल करतात, आणि आपल्याकडे दूध तापवलेलंच असतं ही फुकटची सोय आहे. एप्रिल-मेमध्ये ते थेट फ्रीजमधून काढून घाला. मळून झालेल्या कणकेत थर्मामीटर खुपसला तर २५-२६ दिसलं पाहिजे. ३० दिसलं तर तुम्ही शर्यत सुरू व्हायच्या आधीच हरलात. बटर खारं असेल तर मीठ ग्रॅमभर कमी करा. बटरऐवजी तूप घालणार असाल तर ३५ ग्रॅमच घ्या, कारण तुपात पाणी नसतं. अंडं मी घालत नाही, माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या घरी चालत नाही म्हणून. या मापात त्याची गरजही पडत नाही.

मैद्याबद्दल एक सूचना. पाकिटाच्या मागे प्रथिनं किती ते वाचा. १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम असतील तो घ्या. सुटा मैदा स्वस्त मिळतो पण त्याचा भरवसा नाही. बऱ्याच जणी विचारतात की आपल्या गुजरातचा भालिया गहू इतका नावाजलेला, २०११ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, मग तो का नको? तो खपली-बन्सीच्या बिरादरीतला कडक गहू. त्याचा रवा, लापशी अप्रतिम होते. पण त्याची कणीक ताणली की तुटते, फुग्यासारखी फुगत नाही. गव्हाचं पीठ मिसळायचीच हौस असेल तर साध्या चक्कीच्या पिठाचे ६०-७० ग्रॅम मैद्याच्या बदल्यात घाला, आणि दूध थोडं वाढवा. त्यापुढे गेलात तर मला दोष देऊ नका.

मळण्याकडे जरा लक्ष द्या, कारण इथेच बहुतेक जणी लवकर थांबतात. बटर सोडून सगळं एकत्र करा, वीस मिनिटं झाकून ठेवा. मग आठ-दहा मिनिटं मळा. कणीक एकजीव झाली की बटर तीन वेळा थोडं थोडं घाला. पहिल्या घासाला सगळं बिघडल्यासारखं वाटेल. गोळा फाटतो, निसरड्या चिंध्या होतात, हाताला, ओट्याला सगळीकडे तूपकट चिकटतं. या क्षणी मैदा भुरभुरायचा मोह होतो. भुरभुरू नका. पुरणपोळीची कणीक कशी तिंबता ते आठवा, तसं तळव्याने पुढे रेटा, घडी घाला, आपटा. सहा-सात मिनिटांनी आवाज बदलतो, चपक्-चपक् जाऊन ओल्या फडक्यासारखा थप्प येतो, आणि ओटा आपोआप स्वच्छ व्हायला लागतो. आता लिंबाएवढा गोळा तोडून चारी बाजूंनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पापुद्रा न फाटता झाला पाहिजे. फाटलाच तर भोकाची कड पाहा. कड करवतीसारखी असेल तर अजून पाच मिनिटं मळा, गुळगुळीत असेल तर झालं.

मग कणकेचा एक छोटा तुकडा तोडून सरळ बाजूंच्या अरुंद ग्लासात दाबून बसवा आणि पातळीवर रबरबँड लावा. बाकीची कणीक तेल लावलेल्या डब्यात, ग्लास त्याच्या शेजारी. गोल पातेल्यात कणीक किती वाढली ते डोळ्याला कळत नाही, ग्लासात कळतं. रबरबँडच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट झालं की थांबायचं. दुप्पट होऊ द्यायची नाही, पहिल्या फुगवणीत तर नाहीच. २६ अंशांना याला चारेक तास लागतात, ३२ ला अडीच. हे आकडे अंदाजापुरते, घड्याळ लावून झोपायला जाण्यासाठी नाहीत.

उन्हाळ्यात डबा पाण्याच्या थाळीत ठेवून वरून ओलं सुती फडकं असं टाका की त्याची टोकं पाण्यात बुडतील. माठ जसा गार होतो तसाच डबा होतो, चार-पाच अंश सहज उतरतात. जुलैत हा उपाय चालत नाही, हवेतच इतकं पाणी असतं की फडकं वाळतच नाही. तेव्हा सरळ फ्रीज. अर्धी वाढ बाहेर, मग तीन-चार तास फ्रीजमध्ये. गार कणकेला आकारही सुबक येतो. मात्र फ्रीजमध्ये दोन-दोन दिवस ठेवू नका. तिथे सगळं मंदावतं पण आंबटपणा मागच्या दाराने येत राहतो. थंडीत उलटं करा : ओटीजी बंदच ठेवून आत गरम पाण्याची वाटी, शेजारी डबा, दार लावलेलं. इडलीचं पीठ घोंगडीत गुंडाळतो तेच काम.

आकार देताना ५४ ग्रॅमचे सोळा तुकडे करा. डोळ्याने नाही, काट्यावर. लहान-मोठे झाले की लहान कडकडीत आणि मोठे कच्चे राहतात. पंधरा मिनिटं झाकून विश्रांती. मग उंड्यात पुरण भरून तोंड कसं बंद करता, तसे कडेचे पदर मध्ये ओढून चिमटा, तोंड खाली करा आणि कोरड्या, पीठ न लावलेल्या ओट्यावर हाताची ओंजळ उलटी धरून गोल फिरवा. तळ ओट्याला किंचित चिकटला पाहिजे, त्यानेच वरची कातडी ताणली जाते. पीठ लावलंत तर गोळा नुसता घसरेल. नऊ इंची चौकोनी ट्रेला बटर लावून चार-चारच्या ओळीत, मध्ये बोटभर जागा सोडून बसवा. फुगून एकमेकांना चिकटले पाहिजेत. बाजूंनी उघडा रोल म्हणजे चारी बाजूंनी साल, आणि लादी मऊ लागते त्याचं अर्धं गुपित ती एकमेकांना टेकलेली असते यात आहे.

दुसरी फुगवण पूर्ण होऊ द्या, तिथे घाई नको. यीस्टवाल्यांचे रोल पाऊण तासात वर येतात, आपले २६ अंशांना तीन ते चार तास घेतात, आणि बटर-साखरेमुळे कधी त्याहून जास्त. बोट पाण्यात बुडवून हळूच दाबा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धा भरून थांबला तर भट्टी लावा. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, लगेच भाजा आणि पुढच्या वेळी आधी पाहा. अर्धवट फुगलेला रोल भाजताना कडेने फुटतो आणि आत गच्च राहतो. लोक त्यालाही "स्टार्टर कमजोर" म्हणतात, बिचाऱ्या स्टार्टरचा काही दोष नसतो.

भाजणं सोपं आहे, ओटीजी खोटारडा आहे. माझ्या जुन्या ओटीजीची खुंटी १८० वर असताना आत २०५ असायचे. दोनशे-तीनशे रुपयांचा आतला थर्मामीटर आणा, त्याने तुमचे निम्मे प्रश्न सुटतील. १८० अंश, दोन्ही कांड्या चालू, ट्रे खालच्या खणात, वरून दुधाचा हात. वीस ते चोवीस मिनिटं. पंधराव्या मिनिटालाच वर बदामी रंग आला तर फॉइल टाका. मधल्या रोलच्या गाभ्यात ९० ते ९२ अंश दिसले की काढा. आणखी पाच मिनिटं "नीट भाजू दे" म्हणून ठेवलेत तर दगडाची सुरुवात तिथेच होते.

काढल्याकाढल्या गरम रोलवर बटर फिरवा आणि कोरडं सुती फडकं झाका. आतली वाफ सालीत परत मुरते, साल पोळीसारखी नरम पडते. दहा मिनिटांनी ट्रेमधून जाळीवर, पण फडकं तसंच. आणि पंखा बंद! तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की रोल जेवणाच्या टेबलावर गार करता. बहुतेक घरांत त्या टेबलावर डोक्यावर पंखा गरगरत असतो. मी एकदा एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते, कृती, विरजण, भाजणं सगळं बरोबर, तरी रोलवर पापडासारखी साल. पंखा बंद केल्यावर पुढची लादी ठीक आली.

चिमूटभर यीस्ट घातलं तर पाप लागतं का, असं तुम्ही अगदी शेवटी विचारलंय. लागत नाही. लग्नाच्या ऑर्डरला मीही घालते, आणि सांगून घालते. पण यीस्ट विकत मिळत नव्हतं तेव्हा गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, माडाच्या ताडीवर पाव फुगवायचेच, आणि तो कोणाला दगडासारखा लागला नाही. तुम्हाला यीस्टशिवाय करायचेत ना, मग करा. पहिल्या दोन लाद्या घरच्यांनाच खाऊ घाला, तिसरी पाहुण्यांना चालेल.

गार झालेले रोल फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात दोन दिवस मऊ राहतात. फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका, पाव सगळ्यात वेगाने शिळा तिथल्याच थंडाव्यात होतो. जास्त झाले तर त्याच दिवशी पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी ढोकळ्याच्या कुकरात तीन मिनिटं वाफ दिली की सेव-उसळीला तयार. रस्सा तिखट केलात तर रोल मधून कापू नका, हाताने ओढून तोडा. कापलेल्या बाजूने रस्सा नीट शोषला जात नाही, फाडलेल्या रेषांत तो मुरतो. आणि तरीही तिसऱ्या दिवशी चार उरलेच तर कुस्करून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि दाण्याच्या कुटाची फोडणी द्या. या रोलची जी जराशी आंबट चव राहते ना, ती फोडणीच्या पावात लिंबाचं काम करते.